हजेरीचे दगड

डोंगर फक्त धडधाकट माणसांचा आहे, असं कोणीतरी परस्पर ठरवून टाकलंय. कधी ठरवलं, कोणाला विचारून ठरवलं, कोण जाणे. पायऱ्या बांधतात त्या गुडघ्याएवढ्या उंच. वाट आखतात ती अशी, की ज्याला दम लागतो त्यानं खाली गाडीत बसून राहावं आणि वर गेलेल्यांनी काढलेले फोटो बघावेत. माझी आई कितीतरी सहलींना अशी गाडीत बसून राहिली आहे. मला त्याचा राग येतो. अजूनही येतो, एवढं सगळं होऊनही.

त्या रागातूनच आम्ही कॉलेजच्या मित्रमैत्रिणींनी किनवटच्या पुढच्या अभयारण्यात सोपी वाट आखली. रीतसर परवानगी काढली. चढ कमी, वळणं जास्त, मध्ये मध्ये बसायला ओटे, आणि दोन्ही कडांना काळ्या दगडांची ओळ, म्हणजे नजर अधू झालेल्या माणसालाही कड कळावी. दुसऱ्या दिवशी नांदेडहून म्हातारी मंडळी पहिल्यांदा येणार होती. त्याआधी मी आईला नेऊन बघायचं ठरवलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, अंगात साखर, हातात काठी. ती चढली तर कोणीही चढेल.

तिला तर हवंच होतं. तिचं माहेर याच डोंगराच्या पलीकडचं. शाळेत नोकरी लागून देगलूरला आली, त्यानंतर ती कधी वर गेली नव्हती.

अभयारण्याच्या फाटकाशी साखराबाईंची चहाची टपरी आहे. आईनं बिनसाखरेचा चहा मागितला तशी त्या म्हणाल्या, "माझं नाव साखराबाई, अन् जो येतो तो म्हनतो बिनसाखरेचा. नावच बदलून घ्यावं लागतंय आता."

"कडूबाई ठेवा," आई म्हणाली. दोघी हसल्या.

"दिवस बुडायच्या आत उतरा बरं का," पैसे घेताना साखराबाई म्हणाल्या. "मग फाटक लावून घेतेत."

फाटकापासून चार पावलांवर नाला आहे. माघ महिना, पाणी आटत आलेलं, पण एका जागी डोह होता. आई तिथं थांबली, काठीवर भार देत कष्टानं वाकली आणि मुठीएवढा एक दगड उचलून तिनं पदरात घेतला.

"हे काय?"

"वर जायचंय न्हवं," ती म्हणाली आणि चालू लागली.

वाट छान जमली होती. सागाची वाळकी पानं बुटांखाली कुरकुरत होती, मागून आईच्या काठीचा आवाज येत होता. ठक... ठक... मी पुढं जाऊन थांबायची, ती येऊन पोचायची. मला हळू चालता येत नाही. निम्म्या वाटेवर खिंड लागते. तिथं आई उभी राहिली आणि इकडंतिकडं बघायला लागली.

"हितं ढीग होता."

"दगडांचा ना? आम्हीच वापरला की. आयता मिळाला. ही सगळी कड त्याचीच आहे," मी जरा ऐटीतच म्हणाले.

आईनं मागं वळून खालपर्यंत गेलेली ती काळी ओळ पाहिली.

"देव होता का तो?" मी विचारलं. "तू तर असलं मानत नाहीस."

"देव न्हाई गं. हजेरी होती."

मग ओट्यावर बसून तिनं सांगितलं. डोंगरात जाणाऱ्यानं नाल्यातला एक दगड आणायचा आणि खिंडीत ठेवायचा. उतरताना आपला आपण उचलायचा आणि नाल्यात परत टाकायचा. तिन्हीसांजेला खिंडीत दगड उरलेला दिसला की गावाला कळायचं, कोणीतरी वर राहिलंय. मग माणसं शोधायला निघायची.

"आणि सापडलं नाही तर?"

"तर दगड तसाच राहायचा. दुसऱ्याचा उचलायचा न्हाई, एवढं लहान लेकराला बी ठाऊक होतं." ती काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिली. "भीमाक्काचा बी त्यातच होता."

भीमाक्का म्हणजे आईची थोरली बहीण. तिच्याबद्दल मी ऐकलं होतं. घरातला गूळ चोरून खायची, पायात कधी चप्पल घालायची नाही. मोहाची फुलं वेचायला म्हणून एका पहाटे वर गेली ती आलीच नाही. लग्नाचं वय झालेलं होतं.

मला ती पद्धत फार आवडली. किती साधी, किती शहाणपणाची. "आपण इथं फलक लावू," मी म्हणाले. "सगळी माहिती लिहू."

"फलक लाव. दगड कुठून आणशील?"

तिनं पदरातला दगड काढला आणि जिथं ढीग होता त्या मोकळ्या मातीवर ठेवला. काळा, एका बाजूला पांढरी रेघ असलेला. ती पुढं निघाली. मी मागं राहिले, तेव्हा मला दिसलं की तिथंच कडेला एक दगड निखळून खाच पडलीय. उद्या लोक येणार होते. आईनं ठेवलेला दगड मी बुटानं सरकवला आणि खाचेत बसवला. घट्ट बसला.

माथ्यावर आई किती वेळ बसली ते मी मोजलं नाही. पलीकडं तिचं गाव होतं तिथं आता नुसती झाडी. तरी ती बोटानं दाखवत राहिली, इथं विहीर, इथं विहार, इथं आमचं घर. मग म्हणाली, "चिमे, वाट चांगली केलीस."

चारचौघांत ती मला विशाखा म्हणते. चिमे फक्त आम्ही दोघीच असलो की. मी घड्याळाकडं बघितलं आणि "चल, उशीर होईल" म्हणाले.

खिंडीत परत आलो तेव्हा ऊन सागाच्या शेंड्यांवर गेलं होतं. खाली सावली पडलेली. वानरांचा गलका चालला होता तो एकाएकी बंद झाला.

"माझा दगड कुठं गेला?"

मी तिला सांगितलं. ती रागावली नाही. नुसती ओट्यावर बसली. "काढून दे."

मी वाकून बघायला लागले. खाच कुठली होती तेच कळेना. ओळ सगळीकडं सारखी, घट्ट, एकाला एक लागून. पांढरी रेघ असलेले दगडही कितीतरी निघाले. मला वास यायला लागला होता, गोड, आंबूस. मोहाच्या फुलांचा. मोह फुलायला अजून अवकाश होता.

"चिमे... नीट बघ."

"बघतेय आई."

"घाई करू नको. माझाच दे..."

फाटक बंद होणार होतं. मी एक दगड उपसला. रेघ होती. दिवसभर उन्हात पडलेला दगड, पण रात्रीच्या पाण्यासारखा गार.

"हा घे. हाच आहे."

"हाच का?"

"हाच गं. चल ना आता."

तिनं हात पुढं केला. मी दगड तिच्या हातात दिला आणि पिशवी उचलायला वळले. परत बघते तर आई पुढं निघाली होती. वळणावर तिचा पदर दिसला.

"आई, हळू... पाय सांभाळ."

ती थांबली नाही. मी भराभर चालायला लागले, तरी अंतर तेवढंच राहिलं. माझ्या बुटांखाली पानं कुरकुरत होती. तिच्या पायांखाली एकही पान वाजत नव्हतं. नीट पाहिलं तेव्हा दिसलं, तिच्या पायात चपला नव्हत्या. उतारावर ती आडवीतिडवी, कड सोडून उतरत होती, जशी त्या डोंगराची सवय असलेली पोरगी उतरेल.

आणि मागून, वरून, आवाज येत होता.

ठक... ठक...

मी स्वतःला सांगितलं, सुतार पक्षी असेल. आवाज जिथं होता तिथंच होता. जवळ येत नव्हता. एका दगडापाशी थांबल्यासारखा, मग पुढच्या दगडापाशी. कोणीतरी काठीनं ओळ चाचपत होतं.

मी मागं वळून पाहिलं नाही. आई तर माझ्या पुढं चालली होती.

नाल्यापाशी तिनं हात उंचावून दगड डोहात फेकला. डुबुक झालं. ती त्या गोल लाटांकडं बघत हसली. तोंडावर हात न धरता मोठ्यानं हसताना मी आईला आयुष्यात पाहिलेलं नाही.

टपरीत ती बाकावर बसली, पाय वर घेऊन.

"काठी कुठं राहिली?" मी विचारलं.

"कशाला पायजे?" ती म्हणाली आणि साखराबाईंकडं वळली. "चहा दे. साखर घाल. अजून घाल. हात आखडू नको."

साखराबाईंनी घातली. आईनं पेला दोन्ही हातांत धरला होता आणि त्या हातांना मोहाचा वास येत होता. चेहरा तिचाच होता, हनुवटीवरचं गोंदण तेच. ती माझ्याकडं एकदाही बघत नव्हती.

फाटकाची साखळी वाजली. साखराबाई स्टोव्ह बारीक करून डोंगराकडं कान देऊन उभ्या होत्या. मग माझ्याजवळ आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या,

"ताई, ही चिमी कोन हाय? मघापासून वर कोनी तरी बाई हाका मारून राहिली."