चेष्टा करीन

वितळलेल्या मेणाचा थेंब सुती कापडावर पडला की साधारण चार सेकंद पारदर्शक राहतो, मग कडेकडून पांढुरका होत मध्याकडे सरकतो. प्राजक्ता हे रोज पाहायची. त्या दिवशी मात्र तिच्या ब्रशवरचा थेंब कापडावर पडलाच नाही... दारातून आत आलेल्या माणसाच्या बाहीवर पडला.

"राहू द्या, शोभतोय," तो म्हणाला.

तो सौमित्र. उज्जैनच्या रामघाटाजवळ त्याचं पिढीजात कापडाचं दुकान. तिथल्याच नानाखेड्यातल्या या वर्गात बाहेरगावाहून मजुरीला आलेल्या बायका बाटिक, म्हणजे मेणाची नक्षी काढून कापड रंगवणं, शिकत होत्या, आणि रसायनशास्त्र शिकलेली प्राजक्ता दोन वर्षांसाठी अकोल्याहून त्यांना रंग शिकवायला आली होती.

"यांचे दुपट्टे दुकानात ठेवाल?" तिनं विचारलं.

"चेष्टा करीन."

तिचा आवाज थंड झाला. "गरीब बायकांची चेष्टा करता?"

तो गोंधळला. विटा वाहायचं सोडून आलेली जळगावकडची माणिकबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अहो बाई, इथं चेष्टा म्हणजे प्रयत्न. हिंदीतली."

दुपट्टे खपले. सौमित्र दर गुरुवारी येऊ लागला.

"दर आठवड्याला इतका माल लागतो?"

"माल महिन्याला लागतो," तो बाहीवरच्या डागाकडे पाहत म्हणाला. "आठवड्याला... दुसरं काही लागतं."

दोन वर्षं सरत आली. एका गुरुवारी नागपूरच्या एका प्रयोगशाळेतून नोकरीचं बोलावणं आलं, आणि त्याच दिवशी सौमित्रनं विचारलं, "थांबाल? तुम्हाला सुखात ठेवायची चेष्टा करीन."

"सांगते," ती म्हणाली. तीन गुरुवार गेले, तिनं काही सांगितलं नाही. मी गेले तर बायकांचं कसं होईल, मी राहिले तर ती त्यांच्यावरची दया तर नव्हे – ती हेच घोळवत बसली.

चौथ्या गुरुवारी माणिकबाईनं निळ्या रंगातून कापड बाहेर काढलं. छटा अचूक होती. प्राजक्तानं त्याला हातही लावला नव्हता.

"आमच्यापायी राहू नका बाई. आमचं जमतं आता. राहायचं तर स्वतःपायी राहा."

आता कुठलीच सबब उरली नाही.

दारात सौमित्र उभा होता, तोच डागाचा सदरा घालून. प्राजक्ताच्या ब्रशवरून एक थेंब कापडावर निथळला. तो पांढरा होईपर्यंत ती थांबली.

"मी नागपूरला जात नाही," ती म्हणाली. "आपण संसाराची चेष्टा करू या... तुमच्या उज्जैनवाली."