माशीचा यजमान

ती माशी नवीन होती, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मिशांची टोकं पांढरी, आणि पंखांवरच्या शिरांची जाळी ओळखीच्या कुठल्याच जातीशी जुळत नव्हती. संग्रहालयाच्या कीटक विभागात इतकी वर्षं डोळे फोडल्यावर पहिल्यांदाच माझ्या हाताला नवी जात लागली होती. विभागात माझ्यामागे मला ‘गांधीलमाशी’ म्हणतात. म्हणोत बापडे.

अडचण एकच होती. या जातकुळीतली माशी जिवंत किड्याच्या अंगात अंडं घालते. आतली अळी त्याला खात खात वाढते आणि भोक पाडून बाहेर पडते. त्या किड्याला आम्ही यजमान म्हणतो, आणि नव्या जातीचं वर्णन लिहिताना तो नोंदवायचा असतो. माझी माशी सापडली होती आमच्याच कपाटात, काचेचं झाकण असलेल्या बंद खणात. तिथे माझ्या जन्माआधी टाचणीवर लावलेले पतंग होते. त्यातल्या एकाच्या पोटाला ताजं भोक होतं.

“यजमान अज्ञात, असं लिहा,” विभागप्रमुख म्हणाले.

“सर, भोक समोर दिसतंय.”

“मेलेल्या पतंगातून माशी निघाली, असं छापायचं? हसं होईल आपलं. तुम्ही ऐकणार नसाल, तर हे वर्णन मी दुसऱ्या कुणाला तरी लिहायला देतो.”

माझं डोकंच फिरलं. घरी ताईला सांगितलं, तर तीही त्यांचीच री ओढायला लागली. “अगं, एक शब्द तर लिहायचाय. लिही आणि मोकळी हो.” मी नाही लिहिला. माशी माझी होती आणि लिहीन तर पाहिलेलंच लिहीन, असं मी ठरवून टाकलं.

बाहेरून काही शिरतंय का, हे तपासायला शुक्रवारी खणात मी कीटकनाशकाची धुरी दिली आणि झाकणाच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. सोमवारी आत आणखी दोन माश्या काचेवर चालत होत्या. आणखी दोन पतंगांना भोकं पडली होती. भोकांच्या कडा ओल्या होत्या.

मी खण टेबलावर उघडला आणि भोक नसलेला एक पतंग टाचणीसकट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. इतक्या जुन्या पतंगाला नुसता धक्का लागला तरी चुरा होतो. मी सुईने त्याचं पोट हलकेच दाबलं. ते दबलं आणि पुन्हा वर आलं.

मी हात मागे घेतला. पोट तरीही खालीवर होत राहिलं.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आला. प्रमुखांना मी जवळजवळ ओढतच आणलं.

ते भिंगावर वाकले.

“बाई,” ते भिंगावरून डोळा न काढता म्हणाले. “आधी याची टाचणी काढा.”

“आधी सही करा.”

“अहो, त्याला दुखत असेल!”

“इतकी वर्षं दुखतंय, सर. सही करा.”

मी वर्णनाचा कागद पुढे सरकवला. ‘यजमान: पतंग, जिवंत.’ त्यांनी खाली सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं.

मी टाचणी ओढून काढली. पतंगाने सहाही पाय हळूच पोटाशी घेतले.

खणातल्या बाकीच्या टाचण्या थरथरायला लागल्या.