बरणीतल्या जोड्या

"दचकू नका, चावत नाहीत," मागून आवाज आला आणि मी नेमकी दचकले.

दारात नवा पाणबुड्या उभा होता. समुद्रातले नमुने आणायला आमच्या प्रयोगशाळेने त्याला नुकतंच नेमलं होतं. केस अजून ओले, हातात दोन बरण्या... आणि हसू तर असं, की मी घाईघाईने बरण्यांकडेच बघितलं.

"दोन कशाला?"

"मोठे छोट्यांच्या पाठीवर बसून त्यांना खात होते, मॅडम. सगळ्यांना सोडवून मोठे एका बरणीत, छोटे दुसऱ्या बरणीत ठेवले!"

मी कपाळावर हात मारला. कोळंबीचे हे तांदळाएवढे चुलतभाऊ. मूठभर शेवाळात त्यांची केवढी वस्ती असते! कुणी काडीसारखे किडकिडीत, कुणी नळी बांधून आत राहणारे. यांच्यातली मादी जुनं कवच टाकते, तेव्हाच जरा वेळ तिचं नराशी मीलन होऊ शकतं. म्हणून नर तिला आधीपासून धरून ठेवतो.

"खात नव्हते हो, वाट बघत होते! आता कोण कुणाचं, ते तुम्ही सांगणार? पिल्लांशिवाय माझं वर्षभराचं काम गेलं पाण्यात."

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे मी... लग्न मोडलं?"

"एक नाही, सगळी!"

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळलेला असूनही तो नव्या जोड्या आणायला पुन्हा निघाला. त्याच्या कमरेची दोरी वर धरून बसणारा आजारी, म्हणून होडीत मी बसले. खरं तर मला पाण्याची भयंकर भीती. होडीवाल्या काकांनी नियम सांगितला, "तू एक हिसका द्यायचा, तो खालून एक देईल. नाही दिला तर ओढायचं."

तो गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. मी हिसका दिला, उत्तर आलं. पुन्हा दिला, पुन्हा आलं. मग... काहीच नाही.

"काका!"

आम्ही ओढू लागलो. तळवे सोलवटले. माझ्या बोलण्यामुळे तो खाली गेला होता, एवढंच डोक्यात घुमत होतं. आणि तो वर आला, धापा टाकत, बरणी छातीशी धरून.

"उत्तर का नाही दिलंत?" मी ओरडले.

"झाकण वाहून गेलं... दोन्ही हातांनी बरणीचं तोंड दाबून धरलं होतं. जोड्या सुटल्या असत्या, तर तुम्ही परत रागावला असतात."

"खड्ड्यात गेल्या जोड्या! तुमचं बरंवाईट झालं असतं, तर मी कुणावर रागावणार होते?"

बोलून गेले आणि जीभ चावली. काका लगबगीने इंजिनाकडे वळले.

तो मात्र हसला नाही. "इतक्या घाबरलात?"

"हो. अजून घाबरलेय. आवडता तुम्ही मला, म्हणून जास्तच."

"मलाही तुम्ही..." त्याचे ओठ थरथरत होते, गारठ्याने की कशाने कोण जाणे. "उद्यापासून दोरीवर दुसरं कुणी बसवू या का?"

"मुळीच नाही. मीच बसणार."

"रोज भीती वाटेल."

"वाटू दे," मी म्हणाले, आणि हातातल्या दोरीला एक हिसका दिला.