टेबलाखालचा गारवा

वाचून कुणी हसलं तरी चालेल. पण हे घडलं ते असंच घडलं. आणि ज्याच्या बाबतीत घडलं, तो प्रेमराज आजही धुळ्यातच राहतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट आहे. रात्रीची नाही... भर दुपारची.

धुळ्याच्या देवपुरात एका गल्लीच्या टोकाला त्याने नवीनच घर भाड्याने घेतलं होतं. तो घरांचे नकाशे काढून द्यायचा. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात त्याने टेबल मांडलं, टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा ठेवला. बायको रूपा सकाळीच दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला जायची. घरी तो आणि त्याची फुई, भिकुबाई.

फुई म्हणजे वडिलांची बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. प्रेमराजची आई वारली तेव्हा पिंपळनेरला तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं. आता म्हातारपणी त्याने तिला आपल्याकडे आणलं होतं.

त्या घरात आल्यापासून कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

जेवणं झाली, गल्लीत चिटपाखरू उरलं नाही, की हा कामाला बसायचा. थोडा वेळ सगळं ठीक.

मग... टक.

डब्यातल्या पंख्याची घरघर थांबायची. स्क्रीन काळी.

जतन न केलेला नकाशा गेला, की तो चिडून पुन्हा सुरू करायचा. आधी त्याला वाटलं, उन्हामुळे तापत असेल. त्याने डबा उघडून धूळ झाडली, नवा पंखा बसवला. मग वायर बदलली. मग इन्व्हर्टरवर लावून बघितला.

तरी तेच.

गंमत म्हणजे, टेबलाखाली तापल्यासारखं काही वाटतच नव्हतं. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं, कूलर गरम हवा फेकतोय... आणि त्याच्या पायांना मात्र गार लागायचं. फरशी असेल गार, म्हणून त्याने सोडून दिलं.

शेवटी डबा उचलून तो पुनाच्या दुकानात घेऊन गेला. पुना त्याचा शाळेतला मित्र, कॉम्प्युटर दुरुस्ती करायचा. तिथे कॉम्प्युटर दिवसभर चालला. एकदाही बंद पडला नाही.

पुना म्हणाला, बिघाड असता तर धाडकन गेला असता. हा नीट, रीतसर बंद होतोय. म्हणजे कुणीतरी बटन दाबतंय. घरात लहान मूल आहे का?

मूल नव्हतं. प्रेमराजच्या डोळ्यांपुढे फुई आली.

रोज दुपारी ती त्याच खोलीत, दाराशी भिंतीला टेकून बसायची. दिवे, पंखे बंद करत फिरायची तिला सवयच होती. हल्ली ती तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचीही. वयामुळे भ्रम झाला असेल, असं समजून तो कानाला हेडफोन लावायचा.

दुसऱ्या दिवशी अभिमन आबा आले. गावाकडचे ओळखीचे, घर बांधायला काढलं होतं. प्रेमराज त्यांना स्क्रीनवर नकाशा दाखवत होता. फुई चहा ठेवायला टेबलाजवळ वाकली.

टक.

स्क्रीन काळी झाली.

मग प्रेमराजचा तोल गेला. आबांच्या समोरच तो फुईवर ओरडला. बुद्धी फिरली का, म्हणाला. माझ्या पोटावर पाय देते का, म्हणाला. याहून वाईटही काही बोलला. ते त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आबा कपातल्या चहाकडे बघत राहिले.

फुईने पदर सावरला. एवढंच म्हणाली, "मी हात नही लावा, बेटा."

संध्याकाळी रूपा घरी येईपर्यंत फुई पिशवी घेऊन पिंपळनेरच्या एसटीत बसली होती. प्रेमराज तिला थांबवायला गेला नाही. उलट त्याला वाटलं, आता कटकट मिटली.

दुसऱ्या दुपारी तो एकटाच कामाला बसला.

सगळं शांत. दाराशी कुणी नाही. पुटपुटणं नाही.

टक.

स्क्रीन काळी.

आधी भीती वाटली नाही त्याला. आधी वाटली ती लाज. तोंड कुठे लपवावं असं झालं.

पण बटनच बिघडलं असेल, अशी त्याने मनाची समजूत काढली. डबा उघडला, बटनाची वायर आतून काढून टाकली. आतल्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून कॉम्प्युटर सुरू केला. आता बटन कितीही दाबा, काही होणार नव्हतं.

तो बसला. हेडफोन लावले नाहीत.

घरघर चालू होती.

टक...

कॉम्प्युटर चालूच.

टक... टक...

त्याने खाली बघितलं. डब्यावरचं बटन आत जात होतं, बाहेर येत होतं. आपोआप.

मग ते थांबलं.

आणि टेबलाखालून... अगदी त्याच्या पायांशी... कुणीतरी कूस बदलावी तसा बांगड्यांचा आवाज आला.

पायात चप्पल न घालता तो बाहेर पळाला. डांबरावर तळवे पोळले, ते त्याला नंतर कळलं.

रात्र त्याने आणि रूपाने पुनाच्या घरी काढली. सकाळी तो पिंपळनेरला पोचला तेव्हा फुई अंगणात शेंगा निवडत होती. त्याने तिचे पाय धरले. चुकलं म्हणाला. मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

फुईला नवल वाटलं नाही.

"तुना पायजोडे निजेल ऱ्हास ती," त्याच्या पायांजवळची जागा दाखवत ती म्हणाली. "तिले हाऊ घरघरना आवाज सहन नही व्हत."

मग तिने सांगितलं. ती बाई कोण, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी ती टेबलाखाली आडवी दिसली, डोक्याखाली हात घेऊन. फुई रोज दाराशी बसायची ती तिची समजूत घालायला. पोराला काम करू दे, त्याला काही करू नको, म्हणून विनवायची. पोरगा घाबरेल म्हणून त्याला बोलली नाही.

प्रेमराजने मान खाली घातली. घर बदलेपर्यंत तरी सोबत चल, म्हणाला.

फुईने शेंगांवरून नजर उचलली.

"माफी मांगाले उना, का माले लेवाले उना?"

माफी मागायला आला, की तिला न्यायला? उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

ती आली नाही. पण निघताना तिने त्याला एक बजावलं. घर सोडशील तेव्हा मागून येणाऱ्यांना सांग, लपवू नको.

आठवड्याच्या आत त्यांनी घर सोडलं. नव्या जागेत तोच कॉम्प्युटर एकदाही बंद पडलेला नाही. त्या घरात पूर्वी कोण राहायचं, हे मालकाने कधीच नीट सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी प्रेमराज त्या गल्लीतून गाडीवर गेला. घरात नवं बिऱ्हाड आलं होतं. मागची खिडकी उघडी होती. आत एक शाळकरी मुलगी मान खाली घालून अभ्यास करत होती. दाराशी कुणी नव्हतं.

त्याने गाडी हळू केली. सांगायचं काय? लोक वेडा म्हणतील. पुढच्या दुकानात तिचे वडील उभे होते; तो घर सोडत असताना ते जागा बघायला आले होते, त्यांनी ओळखीचं हसूनही बघितलं.

प्रेमराजही हसला... आणि पुढे निघून गेला.

त्या संध्याकाळी फुईचा फोन आला. जेवलास का, रूपा कशी आहे, सगळं विचारून झालं. मग तिने खरं विचारायचं ते विचारलं.

"त्यासले सांगं का तू?"

"सांगितलं," तो म्हणाला.

फुईने निरोप न घेताच फोन ठेवला.