झोपून ओढायला

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तंबाखू ओढायचे पाइप विकणारा पाइपवाला दुकानात बसल्या बसल्या पेंगत होता. तेवढ्यात एक वयस्क बाई आत आली आणि काचेच्या कपाटापुढे बराच वेळ नुसती उभी राहिली.

"ह्यांच्यासाठी हवाय. सरळ बरा की वाकडा?"

हा प्रश्न म्हणजे पाइपवाल्याचा हातचा मळ. सरळ पाइप साफ करायला सोपा, काडी आरपार जाते. वाकड्याचं ओझं दातांवर येत नाही, तो हनुवटीपाशी लोंबकळतो. "साहेब काय करतात, त्यावर आहे."

"झोपूनच असतात."

"मग वाकडा घ्या."

"वाटलंच मला. सरळ वर लागतो."

"वर? कशाला लागतो?"

बाईने पिशवी उघडली. रुमालात गुंडाळलेला एक सरळ पाइप तिने पुढे ठेवला. "नवा नको म्हणतात. हाच वाकवून द्या."

पाइप गार होता, दमट होता, आणि त्याला कोंदट वास येत होता. पाइपवाल्याने स्पिरिटचा दिवा लावून रबराची दांडी उबेवर धरली. "किती वाकवू?"

बाईने काउंटरच्या वर तळहात धरला. मध्ये वीतभरही अंतर नसेल. "एवढ्यात मावला पाहिजे."

पाइपवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. जिवंत माणूस, आणि तोंडावर वीतभर जागा? कुठे कोंबलंय हिने नवऱ्याला?

जेवताना त्याने बायकोला सांगितलं.

"अहो, नसत्या उठाठेवी कशाला?" बायको म्हणाली. मग तिचाच घास हातात राहिला. "जेवायला तरी घालत असेल ना हो ती त्याला?"

झालं. दुसऱ्या दिवशी त्याने दुकान बंद केलं. पाण्याच्या टाकीसमोर राहते, असं बाई बोलता बोलता म्हणाली होती. दार तिच्या दिराने उघडलं. सुतार होता, अंगावर भुसा.

"वहिनी बाहेर गेल्यात."

"पाइपची दांडी नीट बसली का, विचारायला आलो." बोलता बोलता पाइपवाल्याने खोलीभर नजर फिरवली. एक पलंग, खाली लख्ख फरशी. कपाट उघडं, आत घडीचे कपडे. "साहेब दिसत नाहीत?"

"दादा? दादाला जाऊन वर्ष होत आलं." सुताराने हात झटकले. "पेटी मीच केली. लाकूड कमी पडलं, उंची जरा कमी झाली... पाइप त्याचा फार लाडका, सरळ होता. कोटाच्या खिशात ठेवला आणि झाकण मीच ठोकलं."

"म्हणजे नंतर वहिनींनी... कुणी माती उकरली वगैरे..."

"काय बोलताय! कबरीवर दगड बसवलाय, चौघांशिवाय हलायचा नाही. सकाळीच जाऊन आलो, गवत जसंच्या तसं आहे." आणि एकदम आवाज उतरवून, "तुम्ही कुठल्या पाइपबद्दल म्हणालात?"

"चुकलो... दुसरं घर असेल," म्हणत पाइपवाल्याने काढता पाय घेतला.

एकसारखे पाइप हजार असतात, वाटभर तो स्वतःला बजावत राहिला. म्हातारी लबाड आहे, किंवा वेडी आहे. दुकानाच्या पायरीवर ती बसलेली होती.

"जमतंय आता," ती हसून म्हणाली. पिशवीतून तिने तोच पाइप काढून दाखवला. तंबाखू भरायच्या वाटीत ऊब होती. दांडीवर दातांचे ताजे, खोल ठसे होते.

बाईच्या तोंडात मात्र एकही दात नव्हता.

"पण पंचाईत झालीये, भाऊ. धूर कुठे लपतो का? त्यांच्या रांगेतले बाकीचेही मागायला लागलेत."

"किती... किती हवेत?"

बाई बोटांवर मोजू लागली. ओठ हलत होते, एकेकाचं नाव घेतल्यासारखे. एक हात संपला, दुसरा संपला, ती पुन्हा पहिल्या बोटावर आली. मग मध्येच थांबली. वाकून तिने दुकानाच्या पायरीखालच्या जमिनीकडे कान दिला आणि हलकेच म्हणाली,

"बरं बरं... तुम्हालाही धरते."