शेवटच्या राजसची तपासणी

कोल्हापूरच्या नादपरीक्षा केंद्रात गाडीचं बॉनेट कुणी उघडत नसे. इंजिन दोन मिनिटं चालू ठेवायचं, श्रवणयंत्रानं ऐकायचं आणि निकाल द्यायचा. इंदुमती लोहारांच्या एकतीस वर्षं जुन्या 'राजस' गाडीला यंत्रानं लाल दिवा दाखवला. नापास. आणि नापास गाडी सरकत्या पट्ट्यावरून थेट मोडखान्यात जाई.

इंदुताई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. उद्यमनगरात चाळीस वर्षं इंजिनं जुळवलेली बाई ती, दिव्याला भिते होय?

"मावशी, गेल्या वर्षी तर पास झाली होती," केंद्राचा शास्त्रज्ञ आरिफ मुजावर म्हणाला. "मधे काय केलंत?"

"गेल्या साली टकटक वाजत होती. परवा घरी अंगणात इंजिनातल्या झडपांचे टॅपेट सेट केले, ढिले स्क्रू आवळले. आता ऐक की, कशी मऊ चालतीया."

आरिफनं ऐकलं. खरंच मऊ चालत होती. मग त्यानं यंत्राची नोंद उघडली आणि कपाळाला हात लावला.

"निरोगी इंजिन म्हणजे काय, हे याला कुणी शिकवलेलंच नाही. चालू असलेल्या सगळ्या राजस गाड्यांचे गेल्या तपासणीतले आवाज घेऊन ते सरासरी काढतं. गाडी मोडीत निघाली की तिचा आवाज लगेच पुसतं. आता राजस एकच उरलीय."

"माझी."

"तुमची. म्हणजे तिची गेल्या वर्षीची टकटक हेच याच्या लेखी आरोग्य. स्क्रू जरा ढिला करा ना मावशी. पास झाली की घरी जाऊन आवळा."

"धडधाकट माणसाला खोकायला लावून दाखला घ्यायचा?" इंदुताईंना राग आला. "माझ्या हातानं बिघाड करणार न्हाई."

"मग मला मोडीचं बटण दाबावं लागेल. पट्ट्यावर यंत्र निकाल शेवटचा एकदा ताडून बघतं, की गाडी मोडखान्यात."

आता मात्र त्या खुर्चीतून उठल्या. या इंजिनाला त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "मोडीत काढली की तिचा जुना आवाजबी पुसणार. मग ताडून बघणार कशाशी? दाब तू."

आरिफनं बटण दाबलं. राजस पट्ट्यावर हातभर पुढे सरकली आणि थांबली. पडद्यावर अक्षरं उमटली: 'तुलनेस नमुना नाही. निकाल रद्द. नवा नमुना नोंदवा. इंजिन निरोगी असल्याची खात्री देणाऱ्या कारागिराचे नाव?'

आरिफनं हसत कळफलक त्यांच्यापुढे सरकवला. इंदुताईंनी पदराला हात पुसले आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "शेवटी मलाच विचारावं लागलं."