गावपळणीतलं कासव

"कासव! कासव घेतलंस तू, रसिका!" विनीत पोट धरून हसला. "माझी रेसिंग कार बघ, कशी सुसाट सुटते! तुझी ही तर मुंगीला आधी वाट देईल!"

"देऊ दे! पण मुंगी जिथे चढते तिथे तुझी गाडी चढते का?" रसिका फणकारली आणि स्क्रू पिळत राहिली.

नाताळच्या सुट्टीत मुंबईहून आलेला हा मामेभाऊ आल्यापासून तिच्या डोक्यावर मिरे वाटत होता. दगडधोंडे चढणारी, बॅटरीवर चालणारी रिमोटची गाडी, म्हणजे क्रॉलर घ्यायचा, हे रसिकाने गणपतीतच ठरवलं होतं. मोठा क्रॉलर तिच्या खाऊच्या पैशांत बसणारा नव्हता. स्वस्तातला एक दिसायला झकास होता, पण त्याचे गिअर प्लॅस्टिकचे! एक दात तुटला की अख्खी गाडी भंगारात. शेवटी तिने दीड वीत लांबीचा, सुट्या भागांत येणारा निवडला. गिअर धातूचे, चारही चाकांना सारखा जोर, आणि जे मोडेल तेवढंच बदलायचं. वेग मात्र बेताचाच, आणि त्यावरूनच हे सगळं चिडवणं चाललं होतं.

भांडायला जागाही छान मिळाली होती. माळावरची झापांची, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांची राहुटी! कातळवाडीची गावपळण सुरू होती. देवाचा कौल झाला की सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर येतो आणि तीन दिवस आत कुणी माणूस पाऊल टाकत नाही. म्हणे, तेवढे दिवस गाव भुताखेतांचा.

एरवी रसिकाला यात केवढी गंमत वाटली असती! पण काल दुपारी निघताना तिची शेळी चांदी सापडलीच नव्हती. "कळपाबरोबर पुढे गेली असेल," असं सगळे म्हणाले. कळपात चांदी नव्हती.

आणि आज सकाळी व्हाळापलीकडून, म्हणजे ओढ्यापलीकडच्या गावातून, बारीक आवाज आला. बें... बें...

रसिका धावत व्हाळावरच्या छोट्या पुलावर, साकवावर गेली. तिथे भाईकाका काठी घेऊन राखणीला बसला होता. त्याचं घर व्हाळापलीकडे, अगदी पहिलंच.

"भाईकाका, माझी चांदी आत रवली! आवाज येता!"

"कान वाजतत तुझे! आत कोण नाय हा," भाईकाका खेकसला. "भुतां जनावरांचो आवाज काढतत. पाय टाकलंस तर तंगडी मोडून हातात देईन!"

आजूबाजूचेही तिच्याच अंगावर आले. "पोरीमुळे गावाक बाधा होतली!" आईनेसुद्धा तिला दंडाला धरून ओढत परत नेलं. रसिकाचा संताप संताप झाला. घोटभर पाण्याशिवाय चांदी अजून दोन दिवस कशी काढणार? आणि एवढ्या मोठ्या माणसांपैकी एकालाही ते ऐकू येऊ नये?

"माणसाने जायचं नाही ना?" ती राहुटीत येऊन म्हणाली. "मग कासव जाईल!"

विनीत हसला नाही. त्यानेही तो आवाज ऐकला होता.

रसिकाने आईचा जुना फोन क्रॉलरच्या टपावर बांधला आणि विनीतच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. पुढे, कॅमेऱ्याच्या खाली, चांदीला भुलवायला फणसाच्या डहाळ्या खोचल्या आणि काही ओढावं लागलं तर म्हणून तिथेच नायलॉनच्या दोरीने तारेचा आकडा बांधला. मग राहुटीमागच्या चिऱ्यावर गाडी चढवून बघितली. धप्प! टपावरच्या फोनच्या वजनाने ती उताणी पडली.

"कासव उलटं!" विनीतच्या तोंडून निघालंच.

"पुढची चाकं जड करायला हवीत," रसिका ओठ चावत म्हणाली.

इतका वेळ बघत बसलेली तिची वर्गमैत्रीण सलोनी उठली आणि वडिलांच्या मासे पकडायच्या फाटक्या जाळ्यातली शिसं काढून घेऊन आली. ती ठोकून पातळ केली आणि पुढच्या चाकांच्या आत गुंडाळली. गाडी पुन्हा चिऱ्याला भिडली, डुगडुगली आणि चढली!

"आता भाईकाकाला उठवायचं काम माझं!" विनीत म्हणाला.

त्याची रेसिंग कार भाईकाकाच्या पायांभोवती घोंघावत सुटली. "अरे, कोणाचा ह्यां? थांब मेल्या!" भाईकाका काठी उगारून माळभर धावू लागला. तेवढ्यात साकवाखालून, एका धोंड्यावरून दुसऱ्या धोंड्यावर, कासव व्हाळ ओलांडून गेलं.

काठावरच्या करवंदीच्या जाळीआड रसिका रिमोट धरून बसली. सलोनी विनीतच्या फोनमध्ये बघून सांगत होती, "डावीकडे... पायरी आली... हळू गो!" एक पायरी, दुसरी पायरी. तिसरीवर गाडी मागे झुकली. शिशाने चाकं खाली दाबून धरली आणि गाडी वर गेली.

"रसिका," सलोनी कुजबुजली, "हा भाईकाकाचाच गोठा! फटीतून चांदीचं तोंड दिसतंय! दाराला बाहेरून काठीचा टेकू लावलाय!"

रसिका चडफडली. भाईकाकाचाच? आणि वर आपल्यालाच दरडावतो?

पण आता रडायला वेळ नव्हता. गाडी पुढे-मागे करून आकडा काठीत अडकवायचा होता. पहिल्यांदा चुकला, पुन्हा चुकला, मग अडकला. "ओढ!" रसिकाने अगदी सावकाश गाडी मागे घेतली. चाकं मातीत घसरली, पण थांबली नाहीत. काठी तिरकी झाली आणि आडवी पडली. झापाचं दार कोसळलं.

चांदी बाहेर आली! आकडा काठीतून सुटला, गाडी तशीच मागे-मागे निघाली आणि फणसाच्या पाल्यापाठी चांदी.

भाईकाकाच्या आरड्याओरड्याने अख्खा तळ साकवापाशी जमला होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुढे कासव आणि मागे पाला ओरबाडणारी शेळी, अशी वरात साकवावरून अलीकडे आली. रसिकाने चांदीच्या गळ्याला मिठी मारली आणि तेव्हा कुठे ती रडली.

"गाव बाटवल्यान चेडवान!" भाईकाका ओरडला.

सलोनीने फोन गावच्या मुख्य मानकऱ्यांपुढे, काशिनाथआजोबांपुढे धरला. तिने अख्खा कॉल रेकॉर्ड केला होता. बाहेरून टेकू लावलेला गोठा आणि फटीतलं चांदीचं तोंड पडद्यावर दिसत होतं.

"भाई, गोठो कोणाचो?" आजोबांनी विचारलं.

भाईकाकाची मान खाली गेली. "माडाची रोपां खाल्ल्यान तिना माझी. अद्दल घडवूक कोंडलंय... निघायच्या घाईत सोडूक इसारलंय. मगे सांगूची लाज वाटली."

"आणि भुतांवर ढकललंस!" आजोबांचा आवाज चढला. "देवान माणसांका बाहेर काढल्यान, ता जनावराक मारूक नाय! तीन दिवस चांदीक पालो-पाणी तू घालतलंस. जा, बादली आण!"

मग ते रसिकाकडे वळले. "चेडवा, तू देवाचो कौलय मोडूक नाय आणि मुक्या जिवाकय सोडूक नाय. आम्ही इतके म्हातारे, आमका ह्यां सुचूक नाय!"

सकाळी अंगावर आलेली माणसं आता जमिनीकडे बघत होती. भाईकाकाने बादली आणली. चांदी मान वर न करता पीत राहिली, आणि रसिका ते डोळे भरून बघत राहिली.

विनीत तिच्याशेजारी येऊन बसला. माळावरच्या धोंड्यांवर आपटून त्याच्या कारच्या प्लॅस्टिकच्या गिअरचा दात तुटला होता.

"रसिका," तो हळूच म्हणाला, "असं सुट्या भागांचं कासव मुंबईत मिळतं का गं?"